किडा कोण, माणूस कोण?

माणसाची किंमत उतरवावयाची असली म्हणजे मराठी भाषा बहुधा किड्यांचा आधार घेते. अपघातात, साथीत वा चेंगराचेंगरीत गेलेली माणसे ‘किडामुंगीसारखी’ मेली असे सहज लिहिले जाते. वस्तीतून वर येऊ पाहणाऱ्या मुलाला ‘शेणातल्या किड्याने शेणातच राहावे’ असे ऐकवणारे लोक सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतही आढळतात. वाचणारा विद्यार्थी पुस्तकी किडा ठरतो आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात किडा वळवळत असतो. यांतले काही शब्दप्रयोग थट्टेचे आहेत, काही विषारी आहेत. परंतु सर्वांच्या मुळाशी समजूत एकच आहे. किडा मेला तर त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. म्हणून ज्याला एकदा किडा म्हटले, त्याच्याही जगण्यामरण्याचा हिशेब ठेवण्याचे कारण उरत नाही.

भाषेतली ही सवय उचलून तिचेच नाटक करणारे दोन भाऊ शंभर वर्षांपूर्वी चेकोस्लोव्हाकियात होऊन गेले. कारेल चापेक आणि योसेफ चापेक ही त्यांची नावे. ‘रोबो’ हा आज शाळकरी मुलांच्या तोंडी असलेला शब्द कारेलच्या एका नाटकातून जगभर पसरला आणि तो सुचवला होता योसेफने. या दोघांनी मिळून लिहिलेले किड्यांच्या जीवनावरचे नाटक १९२२ साली रंगभूमीवर आले व पुढे अनेक देशांत गेले. रंगमंचावर फुलपाखरे, शेणकिडे, रातकिडे आणि मुंग्या माणसांसारखे बोलतात, संसार थाटतात, साठवण करतात, लढाया लढतात. प्रेक्षक खळखळून हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की, हे बोलणे आपण कोठेतरी ऐकलेले आहे. बहुधा स्वतःच्याच घरात.

या नाटकातला विनोद गोड नाही. शेणकिड्यांचे एक जोडपे जन्मभर राबून जमवलेला शेणाचा गोळा ढकलीत येते. तो गोळा म्हणजे त्यांची पुंजी, त्यांचा अभिमान, त्यांची म्हातारपणची सोय. तो ठेवावा कोठे या चिंतेत ती दोघे असताना तिसराच शेणकिडा तो लांबवतो. रातकिड्याचे एक तरुण जोडपे नव्या घरात राहावयास येते. बायको गरोदर आहे. घर रिकामे कसे झाले? आधीच्या मालकाला खाटीक पक्ष्याने काट्यावर टोचून ठेवले आहे, म्हणून. शेजाऱ्याच्या या मरणावर नवरा-बायको मनमुराद हसतात, आपले नशीब किती चांगले म्हणतात. थोड्याच वेळात एक शिकारी माशी त्यांनाही आपल्या अळीच्या खाऊसाठी ठार करते. पुढे काळ्या आणि पिवळ्या मुंग्यांचे युद्ध जुंपते. कारण विचारावे तर गवताच्या पात्यांमधली एक वाट. शेवटी जिंकणारा मुंग्यांचा सेनापती स्वतःला जगाचा स्वामी म्हणून जाहीर करतो आणि त्याच क्षणी एका पायाखाली चिरडला जातो.

तो पाय कोणाचा, यात या नाटकाचे सारे मर्म आहे. या किड्यांच्या जगात वावरणारा आणि सर्व काही पाहणारा माणूस म्हणजे कोणी राजा, पुढारी किंवा विद्वान नव्हे. नाटकाच्या आरंभी एक विद्वान येतो खरा. निसर्गावरच्या प्रेमापोटी फुलपाखरे पकडून टाचणीने टोचणारा तो गृहस्थ आहे. परंतु नाटक त्याच्या हाती दिलेले नाही. ते दिले आहे एका भटक्याच्या हाती. त्याला घर नाही, धंदा नाही, पत नाही. तो दारू प्यायलेला असतो आणि झाडाखाली पडून राहतो. ज्याला कोणत्याही गावाने हटकले असते, ज्याच्याकडे पोलिसाने संशयाने पाहिले असते, तोच या नाटकात माणूस ठरतो. आणि घरदार, साठवण, प्रतिष्ठा, सैन्य व ध्वज असलेले बाकीचे सारे किडे ठरतात.

ही उलटापालट खानदेशच्या वाचकाला केवळ परदेशी नाटककाराची चतुराई वाटू नये, अशी दोन कारणे एकाच वर्षी, तीन आठवड्यांच्या अंतराने या भूमीत घडली आहेत. २०१८ सालच्या जून महिन्यात जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यातल्या वाकडी येथे मातंग समाजातील अल्पवयीन मुले विहिरीत पोहली म्हणून त्यांना विवस्त्र करून मारण्यात आले आणि त्या मारहाणीचे चित्रण हातोहाती फिरले. त्यानंतर १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारी आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत या समाजाचे नाव आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. एवढ्यावर पाच माणसांचा निकाल लागला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले तेव्हा ते जिवंत होते; जेथे गावाने कायद्याने बसावे, त्याच खोलीत ते मेले. या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ साली सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. कायद्याने आपले काम पाच-साडेपाच वर्षांनी का होईना, केले. परंतु कायद्याचा प्रश्न ‘कोणी मारले’ एवढाच असतो. ‘का मारता आले’ हा प्रश्न समाजाचा आहे, आणि तो विचारण्याचे एक जुने ठिकाण म्हणजे रंगभूमी.

मारता आले याचे कारण ती पाच माणसे आधीच माणसांच्या गणनेतून वगळलेली होती. दारोदार फिरणाऱ्याला चोर समजण्याची सवय या देशाला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्क्यानिशी लावली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्यांच्यावर तो लादला होता ते ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले. मात्र संशय विमुक्त झाला नाही, तो इतर भटक्यांवरही पसरत राहिला. गावात अनोळखी मोटार आली तर तिला वाट विचारली जाते. अनोळखी भिक्षेकरी आला तर त्याला जाब विचारला जातो. चापेक बंधूंच्या नाटकात जो माणूस आहे, तो राईनपाड्याच्या बाजारात किडा ठरला, एवढाच फरक.

वाकडीचा प्रसंग आणखी एक गाठ सोडवून दाखवतो. ज्यांच्यावर मारहाणीचा आरोप झाला ते भटक्या-विमुक्त प्रवर्गातले असल्याचे त्या वेळी पुढे आले आणि काही मंडळींना हायसे वाटले. ‘म्हणजे हा जातिभेदाचा मामला नाहीच,’ असा निष्कर्ष काढून ती मोकळी झाली. वस्तुतः जातिभेदाचा याहून स्पष्ट दाखला दुसरा मिळणे कठीण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याचसाठी. येथे शोषक आणि शोषित असे दोनच सरळ तट नसतात. शिडीच्या प्रत्येक पायरीवर उभ्या असलेल्याला वरच्याची लाथ बसते आणि खालच्याला लाथ मारण्याची मुभाही मिळते. ती मुभा जाऊ नये म्हणून तो शिडी मोडू देत नाही. शेजाऱ्याला काट्यावर टोचले म्हणून आनंदाने त्याच्या घरात शिरणारे रातकिडे याच शिडीवर बसलेले आहेत. आपली पाळी यावयाची आहे, हे त्यांना ठाऊक नाही, इतकेच.

अशा नाटकावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, जातीचे नाव घ्यावयाचे धैर्य नाही म्हणून तर किड्यांचे मुखवटे शोधले जात नाहीत ना? महाराष्ट्रात आजही नाट्यसंहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. रूपक हे अशा वेळी लेखकाला संरक्षण देते. परंतु तेच प्रेक्षकालाही पळवाट देते. हसून घरी जावे आणि ‘छान होते किड्यांचे’ म्हणावे, इतके ते सोपे होऊ शकते. मराठी रंगभूमीने जातीचे नाव उघड घेऊनही मोठे काम केले आहे. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेने पाण्यासारखी साधी गोष्ट मध्ये ठेवून अस्पृश्यतेचा प्रश्न गावोगाव नेला. मग आडून बोलण्याची गरज काय?

उत्तर असे की, आडून बोलणे आणि लपून बोलणे यांत अंतर आहे, आणि मराठी लोकांना ते पूर्वीपासून कळते. एकनाथांनी विंचवाचे भारूड रचले तेव्हा श्रोत्यांना तो विंचू रानात सापडणारा नाही हे समजत होते. अंगात भिनलेल्या विकारांचे विष उतरवावयाचे आहे, हे गावातला निरक्षर माणूसही जाणत होता. महात्मा फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. भोळ्या शेतकरी दांपत्याला नाडणाऱ्या भिक्षुकीवरचे ते नाटक. त्यात मधून मधून येऊन बोचरे भाष्य करणारा विदूषक आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि छापील रूपात ते लोकांसमोर यावयास १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे बाजूला पडलेल्या त्या विदूषकाचे काम चापेकांच्या भटक्याहून फारसे वेगळे नाही. दोघेही बाहेर उभे राहून पाहतात, आणि जे घडते आहे ते हास्यास्पद आहे हे सांगण्याचे धाडस त्यांनाच असते, कारण गमावण्यासारखे त्यांच्याकडे काही नसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या किडे म्हणून हिणवले गेले, त्यांच्या दुःखाचे नाटक करताना पुन्हा किडेच का आणावयाचे? ही शंका फेटाळून लावण्याजोगी नाही, कारण माणसाला किडा म्हणण्याचा इतिहास रक्ताने भरलेला आहे. नाझी प्रचाराने ज्यू लोकांना उवा आणि उपद्रवी किडे म्हटले; पुढे छळछावण्यांत त्यांना मारण्यासाठी वापरलेले ‘सायक्लॉन बी’ हे मुळात कीड मारण्याचेच औषध होते. किड्यांचे नाटक लिहिणारा योसेफ चापेक स्वतः १९३९ साली पकडला गेला आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये बेर्गेन-बेल्सन येथील नाझी छावणीत संपला. १९९४ साली आफ्रिकेतील रवांडात नभोवाणीवरून तुत्सी लोकांना ‘झुरळे’ म्हणून संबोधले जात होते. सुमारे शंभर दिवसांत लक्षावधी माणसे कापली गेली. शब्द आधी येतो, कोयता मागून येतो.

हे खानदेशातल्या कापूस पिकवणाऱ्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागणार नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांची त्याला प्रागच्या नागरिकापेक्षा अधिक चांगली ओळख आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीची काय अवस्था केली, हे त्याने पाहिलेले आहे. कीड दिसली म्हणजे तिच्याशी कोणी वाद घालीत नाही, तिची बाजू ऐकून घेत नाही, फवारणी करतो. म्हणूनच एखाद्या समाजाबद्दल ‘कीड’, ‘वळवळ’, ‘निर्मूलन’, ‘बंदोबस्त’ असे शब्द व्यासपीठावरून ऐकू येऊ लागले की, शेतकऱ्याने तरी सावध व्हावे. शेतात हे शब्द कोठे संपतात, ते त्याला पुरते माहीत आहे.

तेव्हा प्रश्न किडे रंगमंचावर आणावेत की नाहीत हा नाही. मुखवटा कोणाच्या तोंडावर चढवावा हा आहे. ज्या नाटकात पीडितच तेवढे किडे आणि पीडक माणसे असतील, ते नाटक कितीही कळवळ्याने लिहिलेले असो, ते पीडकाचीच भाषा बोलते. प्रेक्षकाच्या मनात ते दया निर्माण करील, लाज निर्माण करणार नाही. उलट, ज्यात मारणारा जमाव तेवढा किड्यांचा दाखवला जाईल, तेही तितकेच खोटे. राईनपाडा हे आदिवासी पट्ट्यातले गाव. तेथल्या जमावाला अडाणी किडे ठरवून धुळ्याच्या किंवा जळगावच्या सुशिक्षित प्रेक्षकाने टाळ्या वाजवाव्यात, याहून सोयीचे काय? अफवा रानात उगवलेली नव्हती. ती शिकलेल्यांच्या हातांतल्या यंत्रांवरून, ‘काळजी घ्या’ असा शेरा मारून, पुढे ढकलली गेली होती. त्या साखळीत शिक्षक नव्हते, कारकून नव्हते, विद्यार्थी नव्हते, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणू शकेल? मुखवटा चढवावयाचा तर तो प्रथम तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर चढला पाहिजे. चापेकांनी नेमके हेच केले आणि म्हणून त्यांचे नाटक जुने झाले नाही.

त्यांचे नाटक जातीविषयी नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्याचा रोख लोभ, पोकळ प्रेमप्रकरणे आणि युद्धज्वर यांवर आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाची राख त्यावर पडलेली आहे. त्याचे सरळ भाषांतर येथे पुरेसे होणार नाही. मराठी किड्यांच्या नाटकात विहीर असावी लागेल, पाणवठा असावा लागेल, कोणाच्या घरातला चहाचा कप वेगळा ठेवलेला असावा लागेल. काळ्या आणि पिवळ्या मुंग्यांऐवजी एकाच रंगाच्या मुंग्या असाव्या लागतील आणि तरीही कोण कोणाला शिवणार नाही याचे काटेकोर नियम असावे लागतील. कारण येथला भेद कातडीवर दिसत नाही, तो आडनाव विचारून काढावा लागतो. काळा विनोद या मातीत भरपूर आहे. तो कोठून उसना आणावा लागणार नाही.

खानदेशात समतेची आठवण मोठ्या आदराने जपली जाते. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले. डॉ. आंबेडकर १९३७ साली ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंग येथील लांडोर बंगल्यात राहिले होते. दर वर्षी त्या दिवशी तेथे लोक जमतात. हा आदर खरा आहे. परंतु गांभीर्याला एक खोड असते. भाषण ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला महापुरुषाच्या बाजूला उभे करून घेतो. मंदिराचे दार बंद ठेवणारे कोणी दुसरेच होते, असे त्याला वाटते. जयंतीच्या सभेत दोषी कोणीच नसतो. काळा विनोद मात्र ही सोय काढून घेतो. हसू ओठांतून सुटून गेल्यावर ते परत घेता येत नाही. आणि आपण कशाला हसलो हे कळल्यावर जो क्षणभर घसा कोरडा पडतो, तेथे विचार सुरू होतो.

हे काम करणारी माणसे या दोन जिल्ह्यांत आहेत. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेचे जळगाव हे एक केंद्र आहे. हौशी संघांत दिवसा वर्गावर उभे राहणारे, बँकेत वा कचेरीत टेबलामागे बसणारे आणि महाविद्यालयात शिकणारे लोकच रात्री तालमी करतात. अडचण अशी की, स्पर्धेतल्या बहुतेक नाटकांचा जन्म आणि मृत्यू एकाच संध्याकाळी होतो. चापेकांच्या नाटकात एक कोश आहे; आपण जन्मलो की जगात काहीतरी अपूर्व घडणार, अशी घोषणा तो पहिल्यापासून करीत असतो. शेवटी त्यातून जो जीव बाहेर येतो तो घटकाभर नाचून मरतो. महिना दोन महिने घाम गाळून बसवलेल्या प्रयोगाची हीच गत व्हावी, हे हौशी रंगभूमीला शोभणारे नाही.

किड्यांच्या नाटकाला झुंबरांचा दिवाणखाना लागत नाही. कागदाचे पंख, चार काठ्या आणि एक ढोलकी पुरे. ते अहिराणीतून होऊ शकते, भिली आणि पावरीतूनही होऊ शकते. ते शाळेच्या पटांगणात होऊ शकते; आणि मुख्य म्हणजे आठवड्याच्या बाजारात होऊ शकते. जेथे अफवा पोहोचते तेथे नाटक पोहोचत नाही, हा रंगभूमीचा पराभव आहे. अफवेला नाट्यगृह लागत नाही, परीक्षक लागत नाहीत, अनुदान लागत नाही. तिच्याशी गाठ घालावयाची तर नाटकालाही तितकेच हलके आणि चपळ व्हावे लागेल.

बाजारातल्या अशा प्रयोगाने जात मोडेल असे कोणी म्हणणार नाही. नाटकाकडून तेवढी अपेक्षा ठेवणे हा नाटकावर अन्याय आणि कायदा, शाळा व शासन यांना मोकळीक देणे होईल. नाटकाच्या हाती एवढेच आहे की, अनोळखी झोळीवाला गावाच्या वेशीत शिरेल तेव्हा त्याच्याकडे पाहणाऱ्या शंभर जणांपैकी पाच-दहा जणांना भटक्या तेवढा माणूस आणि बाकीचे किडे असलेला तो खेळ आठवावा, आणि दगड उचलण्यापूर्वी त्यांनी त्याला ‘बाबा, कोठून आलात?’ एवढे विचारावे. राईनपाड्याला त्या दिवशी हा प्रश्न वेळेवर आणि माणुसकीने विचारणारी पाच-दहा माणसे पुरेशी बळकट असती, तर पाच घरांतले कर्ते पुरुष जिवंत परतले असते.